इंग्रजी शब्द एकटा पाठ करू नका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतील विहारात रविवारी सकाळी मुलांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. तेथे अधूनमधून येणारा एक मुलगा एका कारखान्यात मुलाखतीला गेला होता. आयटीआय झालेला, फिटरचे काम उत्तम येणारा, तीन वर्षे एका वर्कशॉपमध्ये रात्रपाळी केलेला. साहेबांनी विचारले, रात्रपाळीला याल का? मुलाने घरून घोकून नेलेले वाक्य ठणठणीत आवाजात सांगितले, 'आय यूज्ड टु वर्क इन नाइट शिफ्ट.'

त्याला म्हणायचे होते, मला रात्रपाळीची सवय आहे. साहेबांनी ऐकले ते असे : पूर्वी मी रात्रपाळी करत असे. म्हणजे आता करत नाही. साहेबांनी पुढे विचारले, मग सोडली का, प्रकृतीची काही तक्रार आहे का? मुलगा गोंधळला. प्रकृतीचा विषय कोठून निघाला हेच त्याला समजेना. तो गप्प बसला आणि मुलाखत तेथेच संपली.

नोकरी त्या एका वाक्यामुळेच गेली, असे आम्ही म्हणणार नाही. नोकऱ्या कशा मिळतात आणि कशा जातात, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. पण रविवारी तो वर्गात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. 'काका, शब्द सगळे बरोबर होते ना?' असे त्याने विचारले. शब्द खरोखरच सगळे बरोबर होते. चुकले होते ते शब्दांच्या मधले. 'आय ॲम यूज्ड टु वर्किंग ॲट नाइट' म्हटले असते तर 'मला सवय आहे' असा अर्थ झाला असता. एक 'ॲम' आणि एक 'इंग', एवढाच काय तो फरक.

त्या दिवशी वर्गात दुसरे काही शिकवले नाही. दोन तास याच एका गोष्टीवर बोलणे झाले आणि तेच आज येथे मांडतो आहोत.

एकच 'ला' सगळीकडे

आपली मुले इंग्रजी शिकतात तेव्हा शब्द पाठ करतात. वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ. 'रीच' म्हणजे पोहोचणे, 'डिस्कस' म्हणजे चर्चा करणे, 'मॅरी' म्हणजे लग्न करणे. वही भरते, घरच्यांना समाधान वाटते. पण वाक्य करायची वेळ आली की मूल मनात मराठी वाक्य जुळवते आणि त्यातल्या प्रत्येक प्रत्ययाच्या जागी इंग्रजीतला एखादा शब्द बसवते. 'ला' दिसला की 'टु', 'शी' दिसला की 'विथ', 'बद्दल' दिसले की 'अबाउट', 'पासून' दिसले की 'सिन्स'. येथेच पाय घसरतो.

आपला 'ला' घ्या. मी नागपूरला गेलो, मी नागपूरला राहतो, मी नागपूरला पोहोचलो, मी १४ ऑक्टोबरला निघालो, मी आईला सांगितले. पाचही ठिकाणी 'ला' तोच आहे. इंग्रजीत मात्र गेलो तर 'टु नागपूर', राहतो तर 'इन नागपूर', पोहोचलो तर 'रीच्ड नागपूर', मध्ये काहीच नाही. तारखेला 'ऑन'. सांगितले याला 'टोल्ड' वापरले तर 'टोल्ड मदर', पुन्हा मध्ये काही नाही. पण 'सेड' वापरले तर 'सेड टु मदर'. आणि पोहोचणे याच अर्थाचा 'अराइव्ह' घेतला तर 'अराइव्ह्ड इन नागपूर'. स्टेशनवर पोहोचलो तर 'अराइव्ह्ड ॲट द स्टेशन'. एका 'ला'च्या बदल्यात इतके प्रकार!

घरातल्या स्वयंपाकघराचे उदाहरण घेऊ. आपला 'ला' ताटलीसारखा आहे. कोणत्याही पातेल्यावर ठेवा, झाकण म्हणून चालून जाते. इंग्रजीतले शब्द फिरकीच्या झाकणाच्या डब्यांसारखे आहेत. या डब्याचे झाकण त्या डब्याला बसत नाही, आणि काही डब्यांना तर झाकणच नसते. कोणत्या डब्याचे कोणते झाकण हे घरातल्या बाईला विचारावे लागत नाही, तिचा हात आपोआप तेच उचलतो. पण नवीन सून घरात आली तर तिला चार दिवस शोधावे लागतेच. त्यात तिच्या बुद्धीचा काही दोष नसतो.

मराठीही या बाबतीत परक्याला काही कमी छळत नाही. आपण कुत्र्याला घाबरतो, पण आपल्याला भीती मात्र कुत्र्याची वाटते. एकाच भीतीला एकदा 'ला' आणि एकदा 'ची'. प्रेम 'वर' करतो, लग्न 'शी' करतो, वाट 'ची' पाहतो. का, असे कोणी विचारले तर आपण काय सांगणार? आमचे एक शेजारी मूळचे बनारसकडचे. वीस वर्षे येथे आहेत, मराठी छान बोलतात. परवा म्हणाले, 'मी साहेबांशी भेटलो.' हिंदीत 'साहब से मिला' म्हणतात ना, त्याचा हा 'शी'. आम्हाला अर्थ समजला, पण कानाला ठेच लागली. आपले 'डिस्कस अबाउट' इंग्रजी कानाला असेच लागते. यापेक्षा मोठा अपराध तो नाही. हे आधी मुलांच्या मनात बिंबले पाहिजे, कारण आपल्या मुलांना व्याकरण कमी आणि हसे होण्याचे भय जास्त नडते.

हसे कसे होते ते आम्हीही भोगले आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ताप आला म्हणून आम्ही रजेचा अर्ज लिहिला, 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स थ्री डेज. सो आय रिक्वेस्ट टु यू फॉर ग्रँट मी लीव्ह.' ऑफिसातल्या मोठ्या क्लार्कनी तो अर्ज सर्वांसमोर वाचून दाखवला. रजा मिळाली, पण त्यानंतर कित्येक महिने आम्ही इंग्रजीत एक ओळ लिहिली नाही. चूक काय होती, हे मात्र त्या हसणाऱ्यांपैकी कोणीही सांगितले नाही. बहुधा त्यांनाही ते नेमके सांगता आले नसते.

चूक अशी होती. मराठीत 'तीन दिवसांपासून' आणि 'सोमवारपासून' यांत 'पासून' एकच. इंग्रजीत जेथून सुरुवात झाली ती वेळ सांगायची असेल तर 'सिन्स', म्हणजे 'सिन्स मंडे'. किती काळ ते सांगायचे असेल तर 'फॉर', म्हणजे 'फॉर थ्री डेज'. आणि तेव्हा सुरू झालेले आजही चालू असेल तर क्रियापद 'ॲम सफरिंग' राहत नाही, 'हॅव बीन सफरिंग' होते. उरलेले वाक्य, 'आय रिक्वेस्ट यू टु ग्रँट मी लीव्ह.' 'रिक्वेस्ट' क्रियापद असेल तर त्याच्यापुढे माणूस थेट येतो, मध्ये 'टु' नाही. त्यानंतर काय करावे अशी विनंती आहे, ते 'टु' लावून येते.

पण हाच 'रिक्वेस्ट' शब्द क्रियापद न राहता नाम झाला, म्हणजे 'विनंती' या अर्थाने आला, तर त्याला 'फॉर' लागतो : 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. ही गोष्ट बऱ्याच पुस्तकांत नीट सांगितलेली नसते, म्हणून येथे थोडे थांबतो. 'वुई डिमांड बोनस' म्हणजे आम्ही बोनस मागतो. येथे 'फॉर' नाही. पण 'अवर डिमांड फॉर बोनस' म्हणजे बोनसची आमची मागणी. येथे 'फॉर' हवाच. युनियनच्या फलकांवर यातले एक हमखास चुकलेले असते. 'वुई डिस्कस्ड द मॅटर', येथे 'अबाउट' नको. पण 'अ डिस्कशन अबाउट द मॅटर' चालते. मुले गोंधळतात ती येथे. नामाला लागलेले झाकण ती क्रियापदालाही लावून टाकतात. 'डिस्कस अबाउट' तर मोठमोठ्या हुद्द्यावरचे लोकही बेधडक म्हणतात. त्यांना कोणी हसत नाही, हा भाग वेगळा.

टोकियोत तयार झालेला शब्दकोश

आता एक वेगळीच हकिकत. १९२४ साली अल्बर्ट सिडनी हॉर्नबी नावाचा एक तरुण इंग्रज मास्तर जपानला इंग्रजी शिकवायला गेला. त्याच्या विद्यार्थ्यांना शब्द येत, अर्थ येत, पण वाक्यात पुढे काय लावायचे ते येत नसे. जपानी भाषेत आपल्यासारखेच प्रत्यय शब्दाच्या नंतर लागतात. त्यांच्याकडे एक 'नि' आहे. टोकियोला जातो, टोकियोला राहतो, पाच वाजता, मित्राला भेटतो, आईला सांगतो, या सगळ्या ठिकाणी त्यांचा 'नि' चालतो. आपल्या 'ला'चा सख्खा भाऊच म्हणा ना! त्यामुळे आपली मुले जेथे अडखळतात, तेथेच जपानी मुलेही अडखळत होती.

तोपर्यंतचे इंग्रजी शब्दकोश इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेले होते. घरात इंग्रजी बोलणाऱ्याला अडलेल्या शब्दाचा अर्थ हवा असतो. पुढे 'इन' येतो की 'ॲट' हे त्याला आईच्या मांडीवरच समजलेले असते. हॉर्नबी, गेटनबी आणि वेकफील्ड या तिघांनी वेगळा कोश तयार केला. प्रत्येक क्रियापदाच्या पुढे कशा प्रकारचे शब्द येतात, याचे त्यांनी २५ नमुने ठरवले आणि कोणते क्रियापद कोणत्या नमुन्यात बसते ते शब्दागणिक नोंदवले. युद्ध भडकले, हॉर्नबींना जपानात स्थानबद्ध व्हावे लागले आणि १९४२ साली ते इंग्लंडला परतले. त्याच वर्षी हा कोश टोकियोत छापून निघाला. पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. आज 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' म्हणून जो जाडजूड ग्रंथ दुकानात दिसतो, तो याच कोशाचा वंशज. हॉर्नबींनी १९६१ साली आपल्या पुस्तकांच्या उत्पन्नातून एक शिक्षण ट्रस्ट केला आणि त्यातून देशोदेशीच्या इंग्रजी शिक्षकांना मदत मिळत आली आहे.

हे सांगायचे कारण, ज्यांच्या घरात इंग्रजी नाही अशांसाठीच हा कोश जन्मला. तो आपलाच आहे. पण आपल्या घरी कोश असलाच तर तो बहुधा इंग्रजी-मराठी असतो आणि त्यात नुसता अर्थ सापडतो. 'इंटरेस्टेड' म्हणजे आवड असलेला, एवढे कळते. त्याला 'इन' लागतो हे कळत नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कोशात मात्र तो 'इन' शब्दाच्या जोडीनेच दाखवलेला असतो आणि खाली उदाहरणाचे वाक्य असते. हल्ली मोबाईलवरही असे कोश विनामूल्य बघता येतात. मुलगा मोबाईलमध्ये डोके घालून बसला आहे म्हणून ओरडण्यापूर्वी तो काय बघतो आहे ते एकदा पाहावे. शंभरात एखाद्या वेळी तो कोशही असू शकतो.

अर्ज लिहिताना

नोकरीच्या अर्जात ठरावीक दहाबारा शब्द येतात. त्यांची झाकणे बरोबर बसली तर अर्जाचे तोंड धुतल्यासारखे दिसते. 'अप्लाय' या एका शब्दालाच दोन झाकणे आहेत. ज्याच्याकडे अर्ज करायचा त्याला 'टु', ज्यासाठी करायचा त्याला 'फॉर' : 'अप्लाय टु द मॅनेजर फॉर द पोस्ट ऑफ फिटर'. जाहिरातीचा संदर्भ देताना 'विथ रेफरन्स टु'. पात्र असल्यास 'एलिजिबल फॉर'. कामाचा अनुभव 'एक्सपिरियन्स इन'. एखादी गोष्ट चांगली येत असेल तर 'गुड ॲट'. आपली मुले येथे 'गुड इन' लिहितात, कारण मराठीत आपण गणितात हुशार असतो. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर या शब्दांना 'पेक्षा'साठी 'दॅन' लागत नाही, 'टु' लागतो. 'प्रिफर'चेही तेच. 'आय प्रिफर टी टु कॉफी.'

आता क्रियापदाचे रूप. येथे एक नियम असा आहे की तो जवळजवळ कधीच दगा देत नाही. 'इन', 'ऑफ', 'ॲट', 'फ्रॉम', 'ऑन', 'विदाउट' अशा शब्दयोगी शब्दापुढे क्रियापद आले तर त्याला 'इंग' लागतो. म्हणून 'इंटरेस्टेड इन वर्किंग', 'केपेबल ऑफ डुइंग', 'इन्सिस्टेड ऑन गोइंग', 'ही लेफ्ट विदाउट टेकिंग हिज वेजेस'. 'केपेबल' आणि 'एबल' यांचा अर्थ सारखाच; पण 'केपेबल'ला 'ऑफ' लागतो म्हणून 'केपेबल ऑफ डुइंग', आणि 'एबल'ला 'टु' लागतो म्हणून 'एबल टु डू'. 'कॅन एबल टु' असा जो प्रकार ऐकू येतो, तो एका डब्याला दोन झाकणे लावण्यासारखा आहे. 'कॅन' तरी म्हणा किंवा 'ॲम एबल टु' तरी.

घोटाळा करतो तो 'टु'. कारण 'टु' दोन आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा, 'आय वॉन्ट टु वर्क' मधला. दुसरा 'ला' किंवा 'कडे' या अर्थाचा, शब्दयोगी. हा दुसरा असेल तर वरच्या नियमाप्रमाणे पुढच्या क्रियापदाला 'इंग' हवाच. पत्राच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू' असे मुले लिहितात. तेथे 'हिअरिंग' पाहिजे. हा 'टु' कोणता, हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. क्रियापद काढून त्या जागी एखादे नाम ठेवून बघावे. 'आय लुक फॉरवर्ड टु युवर रिप्लाय', वाक्य बसले. म्हणजे हा दुसरा 'टु', पुढे 'इंग' लावा. 'आय वॉन्ट टु युवर रिप्लाय', नाही बसत. म्हणजे हा पहिला 'टु', पुढे मूळ रूप ठेवा. आमच्या फिटर मुलाचे वाक्यही याच कसोटीला लावा. 'आय ॲम यूज्ड टु नाइट ड्यूटी', बसते. म्हणून 'आय ॲम यूज्ड टु वर्किंग'. 'ॲम' नसलेला 'यूज्ड टु' हा वेगळा, त्याचा अर्थ 'पूर्वी करत असे', आणि त्याच्यापुढे मूळ रूप. ही युक्ती सांगितल्यावर तो मुलगा बराच वेळ वहीत वाक्ये करत बसला होता.

काही क्रियापदांना 'टु' आवडतो, काहींना 'इंग'. वॉन्ट, होप, डिसाइड, रिफ्यूज, प्रॉमिस, ॲग्री हे 'टु'वाले. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, कीप, प्रॅक्टिस हे 'इंग'वाले. याला युक्ती नाही, सवयच लागते. काही क्रियापदे दोन्ही घेतात, पण अर्थ पालटतो. 'ही स्टॉप्ड ड्रिंकिंग' म्हणजे त्याने दारू सोडली. 'ही स्टॉप्ड टु ड्रिंक' म्हणजे चालता चालता प्यायला थांबला. पहिल्या वाक्याने घरात उजेड पडतो, दुसऱ्याने काय होते ते आमच्या भगिनींना विचारा. वर्गातल्या एका मुलीने हे उदाहरण ऐकताच खाली मान घातली. तेव्हापासून आम्ही वर्गात 'टॉक' आणि 'टॉकिंग'चे उदाहरण देतो.

'मेक' आणि 'लेट' यांना दोन्ही लागत नाहीत. 'दे मेड हिम सिट आउटसाइड', त्यांनी त्याला बाहेर बसायला लावले. मध्ये 'टु' नाही. पण वाक्य उलटले, ज्याच्यावर ते लादले गेले तो पुढे आला, की 'टु' परत येतो : 'ही वॉज मेड टु सिट आउटसाइड'. बाबासाहेबांच्या शाळेतल्या गोणपाटाची गोष्ट इंग्रजीत सांगायला आम्ही मुलांना सांगतो, तेव्हा हे वाक्य लागतेच. ही गोष्ट त्यांनी ज्या लिखाणात नोंदवली आहे, त्याचे नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. 'वेट'ला 'फॉर' लागतो हे आमच्या वर्गात आता कोणी विसरत नाही.

'टु' आणि 'फॉर'

बाबासाहेबांच्या ग्रंथांची नावे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. त्यांचीही मायबोली मराठीच होती. १९५५ सालचे 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' घ्या. एखाद्या विषयावरचे विचार, म्हणून 'ऑन'. पण सर्वांत पाहण्यासारखे नाव १९४५ सालच्या ग्रंथाचे आहे, 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स'. मराठीत 'अस्पृश्यांसाठी काय केले' असे म्हणायची सवय असलेला माणूस घाईघाईत वाचताना येथे 'फॉर' वाचून जातो. 'डन फॉर' म्हणजे एखाद्याच्या भल्यासाठी केले. 'डन टु' म्हणजे त्याचे काय करून ठेवले, त्याच्या वाट्याला काय आणले. दोन अक्षरांच्या त्या 'टु'मध्ये सगळा आरोप भरलेला आहे. तो काढून 'फॉर' घातला तर ग्रंथाचे नाव एखाद्या कार्य अहवालासारखे वाटेल. झाकण म्हणजे किरकोळ बाब, असे ज्याला वाटते त्याने हे एक नाव डोळ्यांपुढे ठेवावे.

आणि म्हणूनच आमचा आग्रह आहे की हक्काची भाषा बोलणारे शब्द तरी आपल्या मुलांना झाकणासकट यावेत. भेदभाव करणे याला 'डिस्क्रिमिनेट', आणि त्याच्यापुढे 'अगेन्स्ट'. संविधानाच्या पंधराव्या कलमाच्या इंग्रजी पाठात तो याच 'अगेन्स्ट'सह आला आहे. मुले 'डिस्क्रिमिनेट विथ' लिहितात, कारण मराठीत आपण कोणाशी तरी भेदभावाने वागतो. वंचित ठेवणे 'डिप्राइव्ह ऑफ', हक्कदार असणे 'एन्टायटल्ड टु', अडवणे 'प्रिव्हेंट फ्रॉम' आणि त्यापुढे 'इंग' : 'दे वेअर प्रिव्हेंटेड फ्रॉम टेकिंग वॉटर'. तक्रार ज्याच्याकडे करायची त्याला 'टु', ज्या बाबीची करायची तिला 'अबाउट' आणि तक्रार हे नाम असेल तर ज्याच्याविरुद्ध आहे त्याला 'अगेन्स्ट'. आरोप करणे यासाठी 'अक्यूज' घेतले तर 'ऑफ', 'चार्ज' घेतले तर 'विथ' : 'अक्यूज्ड ऑफ थेफ्ट', 'चार्ज्ड विथ थेफ्ट'. पोलिस ठाण्यात किंवा कचेरीत दिलेला अर्ज दहा जण वाचतात. त्यात कोणी कोणावर काय केले, हे या छोट्या शब्दांवरच ठरते.

जातीच्या दाखल्यात 'बिलाँग्ज टु' येते. यात दोन गोष्टी आहेत. एक तर 'टु', आणि दुसरे म्हणजे या शब्दाला 'इंग' लागत नाही. 'आय ॲम बिलाँगिंग टु' हे चूक. नो, अंडरस्टँड, ओन आणि जवळ असणे या अर्थाचा हॅव, यांचेही असेच. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नोइंग हिम' ही वाक्ये आपल्या 'आहे'मधून येतात. मला दोन भाऊ आहेत, मला तो माहीत आहे. 'आहे' दिसला की मूल 'ॲम' घालते आणि 'ॲम' आला की 'इंग' त्याच्यामागे धावतो. धर्मांतराबद्दल लिहिताना 'कन्व्हर्ट'ला 'टु' लागतो, 'कन्व्हर्टेड टु बुद्धिझम'. पण 'एम्ब्रेस'ला काहीच लागत नाही, 'एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन १९५६'. आणि दिवस सांगायचा असेल तर 'ऑन १४ ऑक्टोबर १९५६'. वर्षाला 'इन', तारखेला 'ऑन'.

प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर बरोबर असते असेही समजू नये. 'डिफरंट फ्रॉम' सर्वत्र चालते, पण इंग्लंडात 'डिफरंट टु' आणि अमेरिकेत 'डिफरंट दॅन'ही म्हणतात. इंग्रज 'ॲट द वीकेंड' म्हणतो, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. 'इंटरेस्टेड'ला 'इन' लागतो हे खरे, पण जाणून घ्यायला आवडेल या अर्थी 'इंटरेस्टेड टु नो' असेही बरोबरच आहे. मुलाने असे काही कोठे वाचून दाखवले तर त्याला खोटे पाडू नये. कोश उघडून दोघांनी बघावे.

वही आणि आई

वर्गातल्या मुलांना आम्ही आता नवीन प्रकारची वही करायला सांगितली आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ हे बंद. शब्द लिहायचा तो झाकणासकट आणि लगेच खाली स्वतःच्या घरातले एक वाक्य. 'डिपेंड' नाही, 'डिपेंड ऑन' : 'अवर फॅमिली डिपेंड्स ऑन माय मदर्स वेजेस'. 'अफ्रेड' नाही, 'अफ्रेड ऑफ'. 'एक्स्प्लेन' नाही, 'एक्स्प्लेन टु मी', कारण 'एक्स्प्लेन मी' ही वर्गातली नेहमीची चूक. वाक्य घरातलेच पाहिजे, असा आमचा हट्ट आहे. पुस्तकातला टॉम आणि त्याची बाग कोणाच्या लक्षात राहत नाही. आईचा पगार आणि नळाची वेळ लक्षात राहते. दिवसाला तीन शब्द पुरे. दहा करायला गेले की चौथ्या दिवशी वही कपाटात जाते, हा आमचा अनुभव आहे.

राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून सुरू झाले. त्याआधीच्या आईवडिलांची इंग्रजीची सुरुवात पाचवीत झालेली, आणि अनेकांची शाळा त्याच सुमारास सुटलेली. त्यामुळे घरात अभ्यास घेणार कोण, हा प्रश्न पालक विचारतात. वर्गातल्या एका मुलाच्या आईने याचे उत्तर स्वतःच शोधले. चार घरची धुणीभांडी करणारी ही बाई. इंग्रजी अक्षर येत नाही. रात्री पोळ्या लाटताना ती मुलाला वहीतला शब्द वाचायला लावते. शब्द तिच्या कानात राहतो, आणि दुसऱ्या दिवशी ती तोच शब्द उलटून विचारते.

'अरे, कालच्या त्या डिपेंडचं झाकण कोणतं?'

'ऑफ.'

'काल तर तू ऑन म्हणाला होतास.'

'नाही गं आई, ऑफच.'

'मग काढ ती डिक्शनरी.'